राखाडी रेषांचा माणूस

"हे इथं कसे?"

दारात वॉकर धरून उभी असलेली बाई म्हणाली. माझी पाठ तिच्याकडं होती. आधीच्या पेशंटचं चित्र पुसून मी नवीन नाव टाईप करत होते. मान न वळवताच मी म्हणाले, "हे ना? हे काही नाही. हे नॉर्मल आहे."

"नॉर्मल," ती म्हणाली.

"हो. तुमचं चालणं त्याच्याशी ताडून बघायचं. या, आत या."

ती आत आली नाही. तिच्यामागं पांढरी टोपी घातलेले एक उंच गृहस्थ उभे होते. तिचे सासरे. ते म्हणाले, "त्रिशला, हो की पुढं." तेव्हा तिनं वॉकर उचलून एक पाऊल टाकलं. नजर मात्र भिंतीवरच्या पडद्यावरून हलली नाही. पांढऱ्या चौकटीत राखाडी रेषांचा एक माणूस एकटाच चालत होता.

तेव्हा मी मिरजेत होते. अपघातानंतर माणसांना पुन्हा उभं करणारं एक केंद्र होतं, तिथं चालण्याचा अभ्यास करायची एक खोली होती. खोलीभर लांब काळी पट्टी अंथरलेली, भिंतींवर कॅमेरे. पेशंटच्या खांद्यांना, कोपरांना, मनगटांना, गुडघ्यांना, टाचांना चमकणाऱ्या बारक्या गोळ्या चिकटवायच्या आणि त्याला पट्टीवरून चालवायचं. कॅमेऱ्यांना माणूस दिसत नसे, फक्त गोळ्या दिसत. त्या ठिपक्यांना रेषांनी जोडून पडद्यावर काड्यांचा माणूस उभा करायचा, हे माझं काम. इंजिनिअर होऊन मी यासाठीच तिथं लागले होते.

मॅटलॅब नावाच्या प्रोग्राममध्ये आम्ही हे करायचो. त्यात पडद्यावरची प्रत्येक रेघ ही एक वेगळी वस्तू असते. ती वस्तू एकदा हातात आली की तिचे गुणधर्म तुम्ही ठरवायचे. रंग कोणता, जाडी किती, कुणाच्या पुढं, कुणाच्या मागं, दिसायची की नाही. एक ओळ लिहिली की झालं. पेशंट लाल, नॉर्मल राखाडी, असं मी ठरवलं होतं. राखाडीचा आणखी एक गुणधर्म मी मुद्दाम बदलून ठेवला होता. पडदा पुसायची आज्ञा त्याला लागू व्हायची नाही. प्रत्येक पेशंटला त्याला नव्यानं काढत बसायला नको, एवढाच हेतू. त्यामुळं पेशंट गेला की लाल माणूस नाहीसा व्हायचा आणि राखाडी आपला चालतच राहायचा. आम्ही जेवायला गेलो तरी तो रिकाम्या खोलीत चालत असायचा. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

तो कोण हे मला ठाऊक नव्हतं. मी लागायच्या आधी आमच्या देवल सरांनी कॉलेजच्या काही धडधाकट मुलांना बोलावून त्यांचं चालणं टिपून ठेवलं होतं. त्यातलं सगळ्यात स्वच्छ आलेलं त्यांनी नमुना म्हणून निवडलं. फाईलवर नाव नव्हतं. 'एन-सात' एवढंच. त्याच्या चालीतली मधली काही पावलं आम्ही पुन्हा पुन्हा फिरवायचो, आणि चौकट त्याच्याबरोबर सरकत राहायची. म्हणून तो अखंड चालायचा, पण चौकटीच्या मध्यावरून कुठं जायचा नाही.

त्रिशला मगदूम त्या दिवशी जेमतेम अर्धी पट्टी चालली. मांडीचं हाड आणि कंबर दोन्ही मोडलेली. हाडं जुळून आली होती, पण पाय टाकायचं ती विसरूनच गेल्यासारखी होती. शबाना, आमची फिजिओथेरपिस्ट, तिच्या कमरेला हात लावून शेजारून चालत होती. "खाली बघू नका ताई. समोर पडद्याकडं बघा. तुम्ही लाल. त्या राखाडीसारखं पाऊल टाकायचं."

"त्यांच्यासारखं?" तिनं विचारलं.

"अगदी त्यांच्यासारखं," शबाना हसून म्हणाली.

चहाच्या वेळी शबानानं मला सांगितलं. नवरा-बायको मोटरसायकलवरून लग्नाहून परत येत होते. पुढं ऊस भरलेली ट्रॉली, मागं दिवा नाही. नवरा जागच्या जागी गेला. ही तीन आठवडे बेशुद्ध. शुद्धीवर आली तेव्हा घरातले दिवसकार्य उरकून बसले होते.

"रडली नाही म्हणे अजून," शबाना म्हणाली. "सासऱ्यांनी सांगितलं, तर 'बरं' म्हणाली."

पुढच्या आठवड्यापासून ती एक दिवसाआड येऊ लागली, आणि तिची प्रगती बघून आम्ही चकित झालो. तिसऱ्या खेपेला तिनं वॉकर सोडून काठी घेतली. नंतर काठीही भिंतीला टेकवून ठेवली. देवल सर एकदा दारातून बघून गेले आणि म्हणाले, "छान. हिचे आलेख परिषदेत दाखवू."

ती बोलायची कमी. बोललीच तर पडद्याबद्दल.

"मॅडम, हा रंग गडद करता येतो?"

"येतो की," मी म्हणाले आणि केला. पेशंटला स्पष्ट दिसलं तर चांगलंच.

दुसऱ्या एका दिवशी म्हणाली, "हे मागं का? शेजारी घ्या ना."

मी लाल आणि राखाडी एकावर एक काढत असे. पावलातला फरक नीट दिसतो. पण तिनं म्हटल्यावर राखाडीला हातभर बाजूला सरकवलं. आता दोघं जोडीनं चालू लागले. ती पट्टीच्या टोकाला गेली, वळली, परत आली, आणि श्वास लागलेला असतानाही म्हणाली, "पुन्हा."

मग एके दिवशी, शबाना बाहेर फोनवर बोलत असताना, ती खुर्चीत बसून पडदा बघत होती. म्हणाली, "रेघ जरा जाड करा. इतके बारीक नव्हते ते."

माझी बोटं कीबोर्डवर थांबली.

"कोण?"

तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. आणि मला एकदम तिचा पहिल्या दिवशीचा प्रश्न ऐकू आला. 'हे इथं कसं' नव्हती म्हणाली ती. 'कसे' म्हणाली होती. आमच्या भागात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'हे' म्हणतात.

"त्रिशलाताई," मी म्हणाले, "ह्या नुसत्या रेषा आहेत."

"तुम्हाला रेषा." ती शांतपणे म्हणाली. "डावा हात बघा. हलत नाही. कॉलेजपासून डाव्या खांद्याला बॅग, एका हातानं धरलेली. बॅग नसली तरी हात तसाच. मी चिडवायची त्यांना, की एक हात घरी ठेवून येता काय."

मी बघितलं. डावा हात खरोखरच फारसा हलत नव्हता. हजार वेळा मी तो आलेख काढला होता, आणि ते मला दिसलेलं नव्हतं. आम्ही पाय बघायचो.

"इथंच शिकले ते. लग्नाच्या आधी एकदा मला म्हणालेले, आज एका दवाखान्यात जाऊन नुसतं चालून आलो. अंगाला गोळ्या चिकटवल्या आणि चालायला लावलं. मी किती हसले होते." ती आताही किंचित हसली. "थांबलेले दाखवता येतील?"

"म्हणजे?"

"चालता चालता थांबले की टाचा उचलायचे. दोनदा. देवळाच्या रांगेत असू दे, एस्टीची वाट बघत असू दे. तुमचे हे थांबतच नाहीत. सारखे आपले चालतायत."

मी देवल सरांकडं गेले. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मृदुला, आपण त्या मुलांना शब्द दिला होता, नाव कुणाला कळणार नाही. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. आणि दुःखात माणसाला जिथं तिथं तेच दिसतं. हजारो लोकांचा डावा हात कमी हलतो."

ते खरं होतं. मी मान हलवली आणि परत खोलीत आले. दुपारची वेळ, कुणी पेशंट नव्हता. एन-सातची मूळ फाईल मी कधीच पूर्ण बघितली नव्हती. मधली पावलं घेऊन बाकीचं आम्ही वापरतच नसू. मी पहिल्यापासून शेवटपर्यंतचं सगळं घेतलं आणि चालू केलं.

राखाडी माणूस पट्टीच्या सुरुवातीला उभा होता. कुणीतरी सांगितल्यासारखा चालायला लागला. ओळखीची पावलं आली, गेली. मग तो मी कधी न बघितलेल्या भागात शिरला. पावलं मंदावली. पट्टीच्या टोकाशी तो थांबला. क्षणभर काहीच झालं नाही.

मग त्याच्या दोन्ही टाचा वर गेल्या आणि खाली आल्या. पुन्हा वर गेल्या आणि खाली आल्या.

मी उठून खोलीचं दार उघडं टाकलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. आत जाऊन ते बंद करायचं मला धैर्य होईना. शेवटी शबाना आली, तिच्याबरोबर आत गेले.

पुढच्या खेपेला त्रिशलानं दारातच माझ्या तोंडाकडं बघितलं. "बघितलंत ना," ती म्हणाली. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती पट्टीवर जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी तिचे आलेख काढताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तिच्या पावलाची रेघ त्याच्या रेघेवर इतकी तंतोतंत बसली होती, की लाल रेघेखाली राखाडी दिसतच नव्हती. मी मान वर करून खऱ्या त्रिशलाकडं बघितलं. ती पट्टीवरून सरळ, झोकात चालत येत होती. कुठं लंगडणं नाही. आणि तिचा डावा हात अंगालगत, न हलता.

मला खरी भीती वाटली, ती तेव्हा.

बाहेर व्हरांड्यात तिचे सासरे, आप्पासाहेब, माझी वाट बघत होते. "मॅडम, एक विचारू? इथं ही पळायची बाकी आहे. आणि घरी खुर्चीतनं उठत नाही. पाणी प्यायला सुद्धा नाही. गाडीतनं उतरवून आत न्यावी लागते. दिवसभर आपली विचारते, मामा, दवाखान्याचा वार कधी? तुम्ही दाखवताय तरी काय तिला?"

देवल सरांचा शब्द मला आठवत होता. तरी मी आप्पासाहेबांना आत नेलं. काही न बोलता पडदा दाखवला.

ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. बराच वेळ. मग खुर्चीच्या पाठीला धरून खाली बसले.

"हा भरतेश," ते म्हणाले.

मी पडद्याकडं बघितलं.

"मी याला पोचवून आलोय, बाई. या हातानं अग्नी दिलाय." त्यांचा आवाज चढला नाही, पण थरथरत होता. "कशाला चालवताय? बंद करा हे. तिला घरी जगायचं आहे."

मला त्यांचं पटलं. बंद करणं माझ्या हातात होतं, एका शब्दाचं काम. दिसणं हाही एक गुणधर्मच. पुढच्या खेपेला त्रिशला यायच्या आधी मी त्या सगळ्या राखाडी रेषांना 'दिसू नका' अशी आज्ञा दिली. शबानाला म्हणाले, आज नमुन्याशिवाय बघू.

त्रिशला आली, पट्टीवर उभी राहिली, गोळ्या लावून झाल्या. पडद्यावर लाल काड्यांची बाई एकटी उभी राहिली. त्रिशलानं पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत नजर फिरवली. मग तिचे गुडघे वाकले. पडली नाही ती, हळूच पट्टीवर बसली. शबाना धावली.

"ताई, काय झालं? दुखतंय?"

तिनं शबानाकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघत होती. "मला न सांगता घालवलंत," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा."

"मला वाटलं, तुमच्यासाठी..."

"त्यांनाही तसंच वाटलेलं. घरच्यांना. मी झोपलेली होते आणि सगळं उरकलं. उठले तर भिंतीवर फोटो, त्याला हार. मामांना मी काय बोलणार? त्यांचा मुलगा. पण मी ह्यांना जाताना बघितलंच नाही, मॅडम. शेवटचं म्हणजे मोटरसायकलवर त्यांची पाठ. मग काही नाही. मला सगळे सांगतात, गेले. मी बरं म्हणते. कुठं गेले? मी इथं आले तर हे इथं चालतायत."

आणि ती रडायला लागली. शबाना तिला धरून तिथंच खाली बसली. मी माझ्या खुर्चीत. कॅमेरे चालूच होते. पडद्यावर लाल रेषांचे खांदे वर-खाली होत होते. मी उठून ते बंद केलं.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. "परत आणता येतात का त्यांना?"

"येतं," मी म्हणाले. "पण त्रिशलाताई..."

"ठेवायला नाही सांगत. जाऊ द्यायचे आहेत. पण माझ्यासमोर." तिनं शबानाचा हात धरून उठायचा प्रयत्न केला. "मामा बाहेर आहेत. त्यांनाही बोलवा."

आप्पासाहेब आत आले. तिच्याकडं बघून काही विचारलं नाही. तिनं त्यांच्यासाठी खुर्ची दाखवली, पण ते बसले नाहीत. दोघं पट्टीच्या कडेला शेजारी शेजारी उभे राहिले.

मी पूर्ण फाईल घेतली. चौकट त्याच्याबरोबर सरकायची, ते थांबवलं. डावी कड, उजवी कड पक्की करून टाकली, पट्टीएवढी आणि पुढं दारापर्यंत. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची ओळ काढून टाकली. रंग गडद ठेवला. रेघ जाड केली.

"करू?"

"करा," त्रिशला म्हणाली.

तो डावीकडं उभा होता. निघाला. या वेळी चौकट हलली नाही, तो हलला. डावा हात अंगालगत ठेवून तो आमच्यासमोरून पलीकडं जाऊ लागला. त्रिशलाचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मध्यावर आला. मध्य ओलांडून गेला. टोकाशी थांबला.

"आता," त्रिशला कुजबुजली.

टाचा वर गेल्या, खाली आल्या. पुन्हा एकदा. आप्पासाहेबांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तो वळला. यापुढचं मीही बघितलेलं नव्हतं, त्या दुपारी मी आधीच उठून बाहेर पळाले होते. कुणीतरी त्याला झालं म्हणून सांगितलं असावं. तो दाराकडं चालू लागला, मोकळेपणानं, भराभर. आणि कॅमेऱ्यांच्या टप्प्याबाहेर जाऊ लागला तशा एकेक करून गोळ्या दिसेनाशा झाल्या. आधी उजव्या मनगटाची रेघ गेली. मग कोपर. खांदा. पाठीचा कणा अर्धा राहिला, मग तोही नाही. एक गुडघा पुढं जात राहिला. शेवटी नुसती एक टाच उरली, एका ठिपक्याएवढी. तिनं एक पाऊल उचललं आणि ती खाली आली नाही.

पांढरी चौकट रिकामी राहिली.

बाहेरून एस्टीचा हॉर्न ऐकू आला. त्रिशला रिकाम्या चौकटीकडं बघत उभी होती. मी वाट बघत होते, ती पुन्हा म्हणेल. 'पुन्हा' हा तिचा नेहमीचा शब्द.

"मामा," ती म्हणाली, "चला. घरी आत्या आपल्यासाठी जेवायच्या थांबल्या असतील."

तिनं अंगावरच्या गोळ्या स्वतः काढून शबानाच्या तळहातावर ठेवल्या. काठी घेतली. दारातून बाहेर पडताना ती लंगडत होती, पहिल्या आठवड्यासारखी. डावा हात हलत होता, तोल सांभाळायला चांगला लांबवर जात होता. शबाना पुढं होऊन म्हणायला लागली, "ताई, टाच आधी..." मी तिचा दंड धरला. व्हरांड्याच्या तीन पायऱ्या त्रिशला वेडीवाकडी, पण आपली आपण उतरली. आप्पासाहेब हात पुढं करून मागं चालत होते. तिनं तो धरला नाही. गाडीजवळ जाऊन तिनं स्वतःच दार उघडलं.

ती त्यानंतरही येत राहिली, खालच्या मजल्यावर, नुसत्या व्यायामाला. माझ्या खोलीत आली नाही. पावसाळ्यानंतर तेही बंद झालं. आप्पासाहेब एकदा पेढे घेऊन आले होते. त्रिशला गावच्या शाळेत शिकवायला लागली होती. "चालत जाते," ते म्हणाले. "वाकडी चालते, पण जाते."

पण त्या दिवशी गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढचा पेशंट येऊन बसला होता. कुरणे मास्तर, निवृत्त ड्रॉइंग शिक्षक, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. बरेच महिने ते आमच्याकडं येत होते. शबानानं त्यांना गोळ्या लावल्या. मी त्यांचं नाव टाईप केलं. राखाडीला परत आणायची ओळ समोर होती. एक बटण दाबायचं होतं. मी त्या ओळीकडं बघत बसले, आणि मग ती पुसून टाकली.

पडद्यावर लाल काड्यांचे मास्तर एकटेच उभे राहिले. त्यांनी मान तिरकी करून चौकटीत इकडं तिकडं बघितलं. झटक्यानंतर त्यांचे शब्द अडखळत येत.

"आज माझा... सोबती... दिसत नाही?"

देवल सरांनी सांगितलं होतं, हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही.

"तो गेला, मास्तर," मी म्हणाले.